कॉन्स्टान्टिन फॉन इकोनोमो

कॉन्स्टान्टिन फॉन इकोनोमो (२१ ऑगस्ट १८७६ – २१ ऑक्टोबर १९३१) हे ग्रीक वंशाचे ऑस्ट्रियन मज्जाविकारतज्ज्ञ, मनोविकारतज्ज्ञ, मेंदूच्या सूक्ष्मरचनेचे अभ्यासक आणि वैमानिक होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात युरोपात पसरलेल्या 'एन्सेफलायटिस लेथार्जिका' (निद्रालू मस्तिष्कदाह) या साथीच्या विकाराचे शास्त्रशुद्ध वर्णन त्यांनी १९१७ मध्ये केले. या विकाराने दगावलेल्या रुग्णांच्या मेंदूंच्या तपासणीवरून झोप आणि जागेपण यांचे नियंत्रण करणाऱ्या मेंदूतील जागा त्यांनी दाखवून दिल्या. गेऑर्ग कोस्किनास यांच्यासह त्यांनी तयार केलेला मानवी मस्तिष्क-बाह्यकाचा नकाशासंग्रह (१९२५) मेंदूविज्ञानातील मूलभूत ग्रंथांपैकी एक मानला जातो. मेंदूतील विशिष्ट प्रकारच्या चेतापेशींना आज 'फॉन इकोनोमो चेतापेशी' असे नाव आहे.

बालपण व शिक्षण

इकोनोमो यांचा जन्म रुमानियातील ब्रेइला या डॅन्यूब नदीकाठच्या बंदराच्या गावी एका सधन ग्रीक कुटुंबात झाला. ते तान्हे असतानाच हे कुटुंब त्रिएस्ते येथे स्थायिक झाले. त्रिएस्ते त्या वेळी ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्याचे मुख्य सागरी बंदर होते. वडिलांचा तेथे मोठा व्यवसाय होता आणि पुढे सम्राटाकडून कुटुंबाला सरदारकीचा किताबही मिळाला. घरात ग्रीक, गावात इटालियन आणि शाळेत जर्मन अशा वातावरणात वाढल्यामुळे इकोनोमो यांना लहानपणापासूनच अनेक भाषा अवगत झाल्या. पुढे निरनिराळ्या देशांतील दवाखान्यांत काम करताना हे भाषाज्ञान त्यांच्या उपयोगी पडले.

मुलाने अभियंता व्हावे, अशी वडिलांची इच्छा होती. त्यानुसार १८९३ मध्ये त्यांनी व्हिएन्ना येथे यंत्र अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. तथापि, त्यांचा ओढा वैद्यकाकडे होता. दोन वर्षांनी त्यांनी वडिलांची संमती मिळवून अभियांत्रिकी सोडली आणि व्हिएन्ना विद्यापीठात वैद्यकाचा अभ्यास सुरू केला. विद्यार्थिदशेतच, १८९९ मध्ये, पक्ष्यांच्या पोष ग्रंथीच्या वाढीविषयीचा त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. १९०१ मध्ये त्यांना वैद्यकाची पदवी मिळाली.

पदवीनंतरची काही वर्षे त्यांनी युरोपातील नामवंत तज्ज्ञांच्या हाताखाली काम करण्यात घालवली. पॅरिस येथे प्येर मारी, म्यूनिक येथे एमिल क्रेपेलिन व आलोइस आल्झायमर आणि बर्लिन येथे हेर्मान ओपेनहाइम यांच्याकडे त्यांनी मज्जाविकार आणि मनोविकार यांचे शिक्षण घेतले. रुग्णाची लक्षणे बारकाईने टिपणे आणि मृत्यूनंतर त्याचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे, या दोन्ही पद्धतींचा वस्तुपाठ त्यांना या प्रवासात मिळाला. १९०६ मध्ये ते व्हिएन्ना येथे परतले आणि युलियस वाग्नर-यावरेग यांच्या मनोविकार व मज्जाविकार चिकित्सालयात साहाय्यक म्हणून रुजू झाले. वाग्नर-यावरेग यांना पुढे १९२७ मध्ये वैद्यकातील नोबेल पारितोषिक मिळाले. इकोनोमो यांची बहुतेक सारी कारकीर्द याच चिकित्सालयाशी निगडित राहिली. १९१३ मध्ये त्यांना विद्यापीठात अध्यापनाचा अधिकार मिळाला आणि १९२१ मध्ये ते प्राध्यापक झाले.

विमानविद्या

अभियांत्रिकीचे शिक्षण अर्धवट सोडले, तरी यंत्रांचे आकर्षण इकोनोमो यांच्या मनातून गेले नाही. आधी फुग्यातून आणि नंतर विमानातून उड्डाण करण्याचा त्यांना छंद जडला. विमानविद्या बाल्यावस्थेत असताना त्यांनी फ्रान्समध्ये जाऊन विमान चालवण्याचे शिक्षण घेतले. आंतरराष्ट्रीय वैमानिक परवाना मिळवणाऱ्या पहिल्या काही ऑस्ट्रियनांमध्ये त्यांची गणना होते. १९१० ते १९२६ अशी सोळा वर्षे ते ऑस्ट्रियन एअरो क्लबचे अध्यक्ष होते. त्या काळात व्हिएन्नातील अनेकांना ते डॉक्टर म्हणून कमी आणि वैमानिक म्हणून अधिक परिचित होते.

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर ते स्वेच्छेने सैन्यात दाखल झाले. सुरुवातीला मोटार वाहन दलात आणि नंतर इटलीच्या आघाडीवर लष्करी वैमानिक म्हणून त्यांनी काम केले. १९१६ मध्ये त्यांचा भाऊ युद्धात मरण पावला. एक मुलगा गमावलेल्या आईवडिलांनी त्यांना उड्डाण थांबवून परत येण्याची विनवणी केली. आईवडिलांचा शब्द मानून इकोनोमो आघाडीवरून परतले आणि डोक्याला जखमा झालेल्या सैनिकांची शुश्रूषा करण्यासाठी पुन्हा वाग्नर-यावरेग यांच्या चिकित्सालयात रुजू झाले. विमानदल सोडणे त्यांना जड गेले. मात्र ते परतले त्याच हिवाळ्यात त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेलेली साथ व्हिएन्नात अवतरली.

निद्रालू मस्तिष्कदाहाचा शोध

१९१६-१७ च्या हिवाळ्यात व्हिएन्नातील चिकित्सालयात काही चमत्कारिक रुग्ण येऊ लागले. त्यांना पाठवताना डॉक्टरांनी निरनिराळी निदाने केली होती. कोणाला मस्तिष्कावरणदाह, कोणाला वाताचा झटका, तर कोणाला बहुविध काठिण्य झाल्याचे लिहिलेले असे. प्रत्येकाची लक्षणे वरवर वेगळी दिसत असली, तरी काही खुणा समान होत्या. सुरुवातीला किरकोळ ताप, डोकेदुखी आणि अंग मोडून येणे. मग हळूहळू वाढत जाणारी झोप. रुग्ण जेवताना, बोलताना, उभ्या उभ्यासुद्धा झोपी जात. हलवून उठवले, तर ते जागे होत, विचारलेल्या प्रश्नाचे बरोबर उत्तर देत आणि लगेच पुन्हा झोपत. म्हणजे ही नेहमीची बेशुद्धी नव्हती. याच्या जोडीला पापण्या खाली पडणे, एकाचे दोन दिसणे, बुबुळे हवी तशी न वळणे, अशी डोळ्यांच्या स्नायूंच्या पक्षाघाताची लक्षणे आढळत.

हा एकच, तोवर नीट न ओळखलेला विकार आहे, असे इकोनोमो यांच्या ध्यानात आले. उत्तर इटलीत १८९० च्या सुमारास इन्फ्लुएंझाच्या साथीपाठोपाठ 'नोना' नावाचा झोपेचा आजार पसरला होता. त्रिएस्ते येथे बालपणी घरच्या मोठ्यांकडून त्याविषयी ऐकलेल्या गोष्टी त्यांना या वेळी आठवल्या. दगावलेल्या रुग्णांच्या मेंदूंची तपासणी केल्यावर मध्यमस्तिष्क आणि त्यालगतच्या करड्या भागात दाहाच्या खुणा आढळल्या. १७ एप्रिल १९१७ रोजी व्हिएन्नातील मनोविकार व मज्जाविकार परिषदेपुढे त्यांनी आपले निष्कर्ष मांडले आणि १० मे रोजी ते व्हिएन्नाच्या वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाले. विकाराला 'एन्सेफलायटिस लेथार्जिका' हे नाव त्यांनीच दिले.

याच सुमारास फ्रान्समध्ये झां-रने क्रुशे या डॉक्टरांनी सैनिकांमध्ये आढळलेल्या अशाच विकाराचे वर्णन केले होते. युद्धामुळे दोन्ही देशांतील संशोधकांचा एकमेकांशी संपर्क नव्हता. शोधाचे श्रेय कोणाचे, यावर नंतर बराच वाद झाला. क्रुशे यांनी वर्णन केलेल्या रुग्णांमध्ये अनेक प्रकारचे आजार मिसळलेले होते. इकोनोमो यांनी मात्र लक्षणे आणि मेंदूतील बदल यांची सांगड घालून एक स्वतंत्र विकार निश्चित केला. त्यामुळे वैद्यकाच्या इतिहासात हे श्रेय प्रामुख्याने इकोनोमो यांना दिले जाते. फ्रान्समध्ये मात्र काही काळ हा विकार क्रुशे यांच्या नावानेही ओळखला जाई.

पुढील दहा वर्षांत ही साथ युरोप, अमेरिका आणि जगाच्या इतर भागांत पसरली. लाखो लोकांना तिची बाधा झाली. तीव्र अवस्थेत अनेक रुग्ण दगावले. हे प्रमाण सुमारे एक-तृतीयांश असल्याचे सामान्यतः मानले जाते. इकोनोमो यांनी विकाराचे तीन मुख्य प्रकार सांगितले. पहिल्यात झोप आणि डोळ्यांचा पक्षाघात असे. दुसऱ्यात उलट अस्वस्थता, अनावर हालचाली आणि दिवसच्या दिवस झोप न लागणे, ही लक्षणे असत. तिसऱ्यात हालचाली मंदावत आणि स्नायू ताठर होत. १९२६-२७ नंतर साथ हळूहळू ओसरली आणि मोठ्या प्रमाणावर पुन्हा कधी आली नाही.

तीव्र आजारातून वाचलेल्यांपैकी अनेकांना काही महिन्यांनी वा वर्षांनी कंपवातासारखा विकार जडला. चेहरा निर्विकार होणे, शरीर ताठरणे, तासन् तास एकाच स्थितीत बसून राहणे आणि डोळे अचानक वर फिरून तसेच खिळून राहणे, ही त्याची लक्षणे होत. लहान मुलांच्या वागण्यात तीव्र बदल होत. शांत मूल एकाएकी आक्रमक आणि अनावर बने. अशा रुग्णांपैकी कित्येकांचे उर्वरित आयुष्य रुग्णालयांतच गेले. इकोनोमो यांनी या दूरगामी परिणामांचाही पाठपुरावा केला. १९२९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात विकाराची लक्षणे, उत्तरपरिणाम आणि उपचार यांचे समग्र विवेचन आहे. या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद १९३१ मध्ये निघाला.

विकाराचे कारण अद्याप निश्चित झालेले नाही. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या महासाथीशी त्याचा संबंध जोडला गेला. परंतु व्हिएन्नातील पहिले रुग्ण त्या महासाथीच्या आधीचे असल्यामुळे हा संबंध सर्वमान्य झाला नाही. शरीराच्या प्रतिकारयंत्रणेने स्वतःच्याच मेंदूवर केलेला हल्ला, हेही एक संभाव्य कारण मानले जाते.

झोपेच्या केंद्रांविषयीचा सिद्धान्त

झोप म्हणजे केवळ थकवा वा बाह्य संवेदना थांबल्यामुळे येणारी निष्क्रिय अवस्था आहे, असे त्या काळी बहुतेक शास्त्रज्ञ मानत. झोपाळू आणि निद्रानाश झालेल्या अशा दोन्ही प्रकारच्या रुग्णांचे मेंदू तपासल्यावर इकोनोमो यांना वेगळेच चित्र दिसले. अतिझोप असलेल्या रुग्णांमध्ये अधोथॅलॅमसचा मागील भाग आणि त्याला लागून असलेला मध्यमस्तिष्काचा वरचा भाग यांना इजा झालेली होती. झोप हरवलेल्या रुग्णांमध्ये मात्र अधोथॅलॅमसच्या पुढील भागाला इजा झालेली आढळली.

यावरून त्यांनी असा निष्कर्ष काढला, की मागील भाग मेंदूला जागे ठेवतो आणि पुढील भाग झोप आणतो. एखाद्या भागाचा नाश झाल्यावर झोप नाहीशी होत असेल, तर तो भाग निरोगी अवस्थेत झोप घडवून आणत असला पाहिजे. म्हणजेच झोप हे मेंदूचे सक्रिय कार्य आहे. झोपाळूपणा आणि डोळ्यांचा पक्षाघात ही लक्षणे एकत्र का आढळतात, याचा उलगडाही या निरीक्षणातून झाला. डोळ्यांच्या हालचालींचे नियंत्रण करणारी चेतापेशींची केंद्रे मध्यमस्तिष्कातच, जागेपण राखणाऱ्या भागाच्या शेजारी असतात. त्यामुळे दाह पसरला, की दोन्हींना एकदम बाधा होते. झोपेचे अनावर झटके येणाऱ्या 'नार्कोलेप्सी' या विकाराचे मूळही याच परिसरात असावे, असा अंदाज त्यांनी वर्तवला. १९३० मध्ये त्यांनी हा सिद्धान्त इंग्रजी शोधनिबंधात विस्ताराने मांडला.

इकोनोमो यांच्या हयातीत हा सिद्धान्त प्रयोगाने पडताळून पाहणे शक्य झाले नव्हते. १९४६ मध्ये वाले नाउटा यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांत अधोथॅलॅमसच्या पुढील भागाला इजा केल्यावर निद्रानाश आणि मागील भागाला इजा केल्यावर अतिनिद्रा दिसून आली. १९४९ मध्ये ज्युसेप्पे मोरुत्सी आणि होरेस मॅगून यांनी मेंदूच्या देठातील जागृती-यंत्रणेचे कार्य दाखवून दिले. १९९६ मध्ये अधोथॅलॅमसच्या पुढील भागात झोपेच्या वेळी कार्यरत होणारा चेतापेशींचा समूह सापडला. १९९८ मध्ये अधोथॅलॅमसमध्ये तयार होणाऱ्या 'ओरेक्सिन' या रसायनाचा शोध लागला. त्याच्या पेशी नष्ट झाल्याने नार्कोलेप्सी होते, हे त्यानंतर लवकरच स्पष्ट झाले. अशा प्रकारे सुमारे सत्तर वर्षांनंतर इकोनोमो यांच्या अंदाजाला पुष्टी मिळाली.

क्लाइन-लेव्हिन विकाराचा अभ्यास आणि इकोनोमो

अतिझोपेचा आणखी एक दुर्मीळ विकार, क्लाइन-लेव्हिन विकार, याच कालखंडात वैद्यकीय साहित्यात आला. फ्रँकफर्ट येथील डॉक्टर विली क्लाइन यांनी १९२५ मध्ये ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा अतिझोपेचे झटके येणाऱ्या रुग्णांचे वर्णन केले. अमेरिकेतील मॅक्स लेव्हिन यांनी १९३६ मध्ये अशा झटक्यांबरोबर येणाऱ्या अनावर भुकेकडे लक्ष वेधले. १९४२ मध्ये मॅक्डोनाल्ड क्रिचली आणि हॉफमन यांनी या विकाराला दोघांचे नाव दिले.

या विकारात रुग्ण, बहुधा किशोरवयीन मुलगा, काही दिवस ते काही आठवडे दिवसातील बहुतेक वेळ झोपून असतो. जागेपणी तो गोंधळलेला, उदासीन वा चिडखोर असतो आणि सभोवतालचे जग खरे नसल्यासारखे त्याला वाटते. झटका संपल्यावर तो पूर्ववत होतो. पुढील झटका काही आठवड्यांनी वा महिन्यांनी येतो. निद्रालू मस्तिष्कदाहाशी या विकाराचे साम्य केवळ झोपेपुरते आहे. क्लाइन-लेव्हिन विकारात ताप, डोळ्यांचा पक्षाघात किंवा कंपवात आढळत नाही आणि दोन झटक्यांच्या दरम्यान रुग्ण सर्वसाधारण आयुष्य जगतो. त्याचेही कारण अज्ञात आहे. झोप, भूक आणि वर्तन यांत एकाच वेळी बिघाड होत असल्यामुळे अधोथॅलॅमस आणि थॅलॅमस यांच्या कार्यातील तात्पुरता दोष हे त्याचे मूळ असावे, असे मानले जाते. झोपेच्या विकारांचे मूळ मेंदूच्या या भागात शोधण्याची दिशा इकोनोमो यांच्या कार्याने दिली.

मस्तिष्क-बाह्यकाचा नकाशासंग्रह

साथीचा अभ्यास चालू असतानाच इकोनोमो एका दीर्घ प्रकल्पावर काम करत होते. मेंदूच्या पृष्ठभागावरील करड्या थरात, म्हणजे मस्तिष्क-बाह्यकात, चेतापेशींची मांडणी जागोजागी वेगळी असते. जर्मन शास्त्रज्ञ कोर्बिनिआन ब्रोडमान यांनी १९०९ मध्ये या भिन्नतेच्या आधारे बाह्यकाचे क्रमांकित विभाग पाडले होते. इकोनोमो यांनी हे काम १९१२ च्या सुमारास अधिक सूक्ष्मतेने हाती घेतले. ग्रीसहून आलेले गेऑर्ग कोस्किनास हे नंतर त्यांचे सहकारी झाले. मेंदूचे पातळ काप रंगवून, प्रत्येक थराची जाडी मोजून, पेशींचा आकार आणि दाटी नोंदवून त्यांनी बाह्यकाचे १०७ विभाग निश्चित केले. क्रमांकांऐवजी त्यांनी अक्षरचिन्हांची पद्धत वापरली. त्यामुळे विभाग मेंदूच्या कोणत्या खंडातील आहे, हे चिन्हावरूनच कळते.

१९२५ मध्ये आठशेहून अधिक पृष्ठांचा हा जर्मन ग्रंथ ११२ मोठ्या छायाचित्रपटांच्या संग्रहासह प्रसिद्ध झाला. बाह्यकातील चेतापेशींची संख्या सुमारे १,४०० कोटी असावी, असा हिशेब इकोनोमो यांनी मांडला. आधुनिक पद्धतींनी ही संख्या सुमारे १,६०० कोटी ठरवण्यात आली आहे.

या कामात मेंदूच्या दोन भागांत लांबट, चातीच्या आकाराच्या मोठ्या पेशी त्यांना आढळल्या. १९२६ मध्ये त्यांनी या पेशींवर स्वतंत्र निबंध लिहिला. अशा पेशी काही संशोधकांनी आधीही पाहिल्या होत्या. त्यांचे नेमके स्थान आणि स्वरूप मात्र इकोनोमो यांनी तपशिलाने नोंदवले. अनेक दशके दुर्लक्षित राहिलेल्या या पेशींकडे १९९० च्या दशकात पुन्हा लक्ष गेले. मानवाप्रमाणेच मानवसदृश वानर, देवमासे आणि हत्ती यांच्या मेंदूतही त्या आढळतात. आत्मभान आणि सामाजिक वर्तन यांच्याशी त्यांचा संबंध असावा, या दृष्टीने त्यांचा अभ्यास होत आहे.

असामान्य बुद्धीच्या व्यक्तींच्या मेंदूची रचना वेगळी असते का, याविषयीही इकोनोमो यांना कुतूहल होते. मेंदूच्या उत्क्रांतीबरोबर नवी केंद्रे निर्माण होत जातात, असे मत त्यांनी मांडले. त्यांच्या या विचारांना रचनेच्या नकाशांइतकी मान्यता मिळाली नाही.

अखेरची वर्षे

१९१९ मध्ये इकोनोमो यांचा विवाह करोलिना फॉन शोनबुर्ग-हार्टेनश्टाइन या सरदार घराण्यातील स्त्रीशी झाला. मेंदूच्या संशोधनासाठी स्वतंत्र संस्था असावी, हे त्यांचे अनेक वर्षांचे स्वप्न होते. १९३१ मध्ये व्हिएन्ना येथील चिकित्सालयात मेंदू-संशोधन विभाग सुरू झाला आणि त्याची धुरा त्यांच्याकडे आली. परंतु त्यांना हृदयविकार जडला होता. विभाग सुरू होऊन काही महिनेच झाले असताना, २१ ऑक्टोबर १९३१ रोजी, वयाच्या ५५ व्या वर्षी व्हिएन्ना येथे त्यांचे निधन झाले. नव्या विभागात हाती घ्यावयाचे काम बहुतांशी अपुरे राहिले.

त्यांच्या पत्नीने वाग्नर-यावरेग यांच्या सहकार्याने लिहिलेले त्यांचे चरित्र १९३४ मध्ये प्रसिद्ध झाले. नोबेल पारितोषिकासाठी त्यांच्या नावाची शिफारस झाली होती. परंतु ते त्यांना मिळाले नाही.

वारसा

साथ ओसरल्यानंतर निद्रालू मस्तिष्कदाह वैद्यकाच्या दैनंदिन व्यवहारातून जवळजवळ नाहीसा झाला. त्याचे उत्तरपरिणाम भोगणारे रुग्ण मात्र पुढेही अनेक दशके रुग्णालयांत होते. न्यूयॉर्कमधील ब्रॉन्क्स येथील एका रुग्णालयात १९६९ मध्ये ऑलिव्हर सॅक्स यांनी अशा रुग्णांना 'एल-डोपा' हे कंपवातावरील औषध दिले. वर्षानुवर्षे निश्चल बसून असलेले काही रुग्ण त्यामुळे चालू-बोलू लागले. बहुतेकांच्या बाबतीत मात्र ही सुधारणा टिकली नाही किंवा औषधाच्या दुष्परिणामांनी झाकोळली गेली. या अनुभवावर सॅक्स यांनी लिहिलेले 'अवेकनिंग्ज' हे पुस्तक १९७३ मध्ये आणि त्याच नावाचा चित्रपट १९९० मध्ये आला. इकोनोमो यांनी पाहिलेल्या विकाराची ओळख सर्वसामान्य वाचक-प्रेक्षकांना प्रामुख्याने या कलाकृतींतून झाली.

व्हिएन्ना विद्यापीठात इकोनोमो यांचा अर्धपुतळा आहे. त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९७६ मध्ये ऑस्ट्रियाने टपाल तिकीट काढले. झोप ही मेंदूने स्वतः घडवून आणलेली अवस्था आहे, हे आज निद्राविज्ञानाचे गृहीततत्त्व आहे. ते प्रथम रुग्णांच्या मेंदूंच्या प्रत्यक्ष तपासणीतून सिद्ध करण्याचा प्रयत्न करणाऱ्यांमध्ये इकोनोमो यांचे स्थान अग्रभागी आहे.